पोळ्याचा मान, व्याह्यांची म्हैस आणि माझी हाडे

मौजे जांभूळबोडी, तहसील ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा
श्रावण शुद्ध त्रयोदशी, शके १८७८

राजमान्य राजश्री मुखरूजी निकुरे, मुक्काम कुरंडीटोला, तहसील गडचिरोली, यांचे सेवेशी जांभूळबोडीहून लटारू आत्माराम बोरकुटे याचा दोन्ही हात जोडून रामराम. (डाव्या मनगटाचे हाड अजून पुरते सांधलेले नाही. तरी व्याह्यांना एका हाताने रामराम करण्याची आमच्या घराण्याची रीत नाही.) आपण, विहीणबाई व गोठ्यातील जनावरे खुशाल असतील अशी आशा आहे. आपल्या धानाच्या बांध्यांतील रोवणी आटोपली असेल. विहीणबाईंच्या गुडघ्यास उतार पडला की नाही ते कळवावे, व त्यांना सांगावे की त्यांचे दुखणे आणि माझे दुखणे एक नव्हे, तेव्हा माझ्या औषधाची मागणी त्यांनी करू नये. हे पत्र आपणांस वाचून दाखविणाऱ्या गुरुजींनाही नमस्कार. गुरुजींना विनंती की, कंसातील मजकूर केवळ व्याह्यांसाठी आहे. ओसरीवर जमलेल्या मंडळींस ऐकू जाणार नाही अशा बेताने तो वाचावा. मी चौथी इयत्ता पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेलो असल्यामुळे (त्या वर्षी परीक्षेस आम्ही तिघे होतो) कंस कशासाठी असतो हे मी जाणतो.

पत्रास कारण असे की, मी अंथरुणास खिळलो असून पोळ्याचा मान सोडणार आहे, अशी वार्ता नागभीडच्या बाजारातून वैनगंगेपलीकडे आपल्यापर्यंत पोहोचल्याचे कळले. ही वार्ता खोटी आहे. ती कोणी पसरविली हेही मला ठाऊक आहे. ते आमचे चुलतबंधू नानाजी होत. आपणांस विदितच आहे की, जांभूळबोडीत पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी आमच्या घराची जाते आणि कासरा घरातल्या कर्त्याच्या हातात असावा लागतो. कर्ता जिवंत असता त्याने एकदा कासरा दुसऱ्याच्या हाती दिला, तर तो पुन्हा परत मागता येत नाही. आमचे चि. लच्छू बल्लारपूरच्या कागद गिरणीत असतात. ते रजा घेऊन येण्यास तयार आहेत, परंतु बैलाने नुसते नाक फेंदारले तरी ते माझ्या मागे उभे राहतात. ते मागे सरले की मान दुसऱ्या क्रमांकाच्या घरी जाईल. दुसऱ्या क्रमांकाचे घर नानाजींचे आहे. एवढे सांगितल्यावर वार्तेचे मूळ आपणांस निराळे शोधावे लागणार नाही.

आता दुखण्याची हकीकत क्रमाने लिहितो, म्हणजे ऐकीव गोष्टींवर विसंबावे लागणार नाही. वैशाखात साकोलीकडील एका लग्नात मी पंगतीतून उठताना डावा हात जमिनीला टेकला आणि मनगट मोडले. पडलो नाही, घसरलो नाही, बैलाने ओढले नाही. नुसता उठलो. (पंगतीतल्या काही लोकांनी असे पसरविले की जेवण इतके झाले होते की हाताला भार पेलवला नाही. मी फक्त दुसऱ्यांदा वाढलेले बुंदीचे लाडू घेतले होते.) बिरजू वैदूने बांबूच्या कामट्या लावून मनगट नीट बांधले. पण त्याच सुमारास माझ्या नडग्या व कंबर अशी दुखू लागली होती की चौरंगावर बसून आंघोळ करावी लागे, म्हणून लच्छूने आग्रहाने नागभीडहून छोट्या गाडीने नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेले. त्या गाडीने प्रत्येक स्टेशनावर माझ्या हाडांची मोजदाद केली, हे येथे नमूद करतो.

डॉक्टर तरुण होते. मी मनगट पुढे केले, तर त्यांनी लघवी मागितली. मी त्यांना नम्रपणे सांगितले की मोडले आहे ते वर आहे. त्यांनी तितक्याच नम्रपणे सांगितले की बिघडले आहे ते खाली आहे. मग रक्त घेतले, हाडांचा फोटो काढला, आणि निदान झाले की माझे दोन्ही गुर्दे बऱ्याच वर्षांपासून झिजत आले असून त्यामुळे हाडे कच्ची झाली आहेत. ही गोष्ट मला प्रथम पटली नाही. परंतु आपल्या बोडीच्या तळ्याच्या उदाहरणाने ती ध्यानात आली, ती आपणांसही सांगतो. बोडीचे जास्तीचे पाणी ज्या वाटेने बाहेर पडते ती वाट गाळाने बुजली, तर पाणी आत तुंबते आणि तुंबलेले पाणी हळूहळू मातीची पाळच पोखरते. लोक पाळीवर माती टाकीत बसतात. बिघाड असतो वाटेत. गुर्दे म्हणजे ती वाट आणि हाडे म्हणजे पाळ. फॉस्फरस नावाचा एक क्षार अन्नातून अंगात येतो. चांगले गुर्दे तो बाहेर टाकतात. माझे टाकीत नाहीत, म्हणून तो रक्तात साचतो आणि हाडातला चुना बाहेर काढवितो.

मी विचारले की, मग दूध प्यावे काय, दुधात चुना असतो असे आम्ही ऐकतो. डॉक्टर म्हणाले, असतो, पण त्याच्या जोडीला तो क्षारही भरपूर असतो, म्हणून दूध, डाळ, मटण, मासळी व खेकडे तुम्हांला अगदी बेताने, नाहीपेक्षा नकोच. म्हणजे शेरभर तांदूळ घेऊन यावे आणि दोन शेर भात खाऊन जावे अशातला तो पाहुणा. (हे आपणांस उद्देशून नाही.) मीठ कमी करण्यास सांगितले. खडूच्या पाण्यासारखे पांढरे औषध दिले. ते जेवणाआधी नाही, नंतर नाही, तर जेवतानाच घ्यावयाचे, म्हणजे तो क्षार पोटातच धरला जातो. शिवाय कसलेसे थेंब दिले. ते सांगितल्याहून अधिक घेतले तर चुना नको तेथे साचतो, म्हणून मधूनमधून रक्त तपासून घेण्याची ताकीद दिली. शेवटी म्हणाले की, हे दुखणे समूळ जाणारे नाही, पण कुंपण घालून धरता येईल. निजून राहू नका, रोज चाला, काठी घेऊन चाला, आणि काहीही झाले तरी पडू नका, कारण पडलात तर मांडीचे हाड जाईल. मी विचारले, पोळ्याला बैल धरू शकेन काय. त्यांनी पोळा कधी आहे ते विचारले. मी सांगितले. ते फोटोकडे पाहून म्हणाले, तोवर सांगितले तसे वागून दाखवा, मग विचारा. मला एवढे पुरे होते. कुंपण घालणे हे आम्हां शेतकऱ्यांचे काम आहे. त्याच क्षणी निश्चय केला.

परंतु निश्चय माझा एकट्याचा होता आणि गाव मोठे. गावात परतल्यावर मी झालेली सर्व हकीकत चावडीवर सांगितली, तीत गुर्दे, क्षार, फोटो सर्व आले. लोकांनी त्यातला एकच शब्द उचलला, तो म्हणजे हाडे. हाडे कच्ची म्हटल्यावर काय द्यावे हे आपल्याकडे लहान मुलालाही कळते. पहिला पाऊस पडताच बांध्यांतले खेकडे माझ्या ओसरीवर येऊ लागले. शेजारच्या रुखमाबाईने बकऱ्याच्या पायांचा रस्सा आणला आणि माझ्या तोंडाकडे पाहत समोर बसून राहिली. जंगलातून गावचा डोमा हाडजोडीची वेल घेऊन आला. कोणी तर तंबाखूच्या डबीतला चुनाच पुढे केला, की हाडातला चुना गेला आहे तर चुनाच भरावा, यात डॉक्टर कशाला हवा. (तो चुना मी चाखला. जिभेचे साल गेले. हाडांचे काय झाले ते कळले नाही.) आजाऱ्याला पाहायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही आणि आजाऱ्याने आणलेले परत करावयाचे नाही, ही आपली रीत फार चांगली आहे. फक्त ती माणूस बरा असताना चांगली वाटते. सर्वांत जास्त खेकडे नानाजींकडून आले. ते स्वतः घेऊन येत, प्रकृती विचारीत, आणि पोळा किती जवळ आला तेही सांगून जात.

आता आपल्या म्हशीविषयी. नदीला पूर येण्याआधी आपण डोंग्यातून वैनगंगा ओलांडून, स्वतः दावे धरून, ती दुभती म्हैस माझ्या हाडांसाठी आणलीत. ही गोष्ट बोरकुटे घराणे विसरणार नाही. डॉक्टरांचे म्हणणे तेव्हा मला पूर्ण ठाऊक होते. परंतु व्याह्यांनी नदी ओलांडून आणलेल्या म्हशीचे दूध पीत नाही, असे तोंडाने कोण म्हणेल? मी रोज सकाळी व सायंकाळी लोटाभर दूध आपला मान म्हणून प्यालो. त्यानंतर नागपूरला रक्त तपासले तेव्हा डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि विचारले, काय खाल्लेत. मी सांगितले, मान खाल्ला. त्यांना ते समजले नाही. नडग्या इतक्या दुखू लागल्या की रात्रीचा कूस बदलताना खाटेचा व माझा आवाज एकच येई.

ह्या प्रकाराचा शेवट आपल्या कन्येने केला. एके सकाळी मी लोटा तोंडाला लावला तोच चि. सौ. रंभाने तो माझ्या हातातून काढून घेतला. सुनेने सासऱ्याच्या हातातला लोटा काढून घ्यावा असे आमच्या घरात आजवर झाले नव्हते. मी रागावून विचारले की, हा तुझ्या वडिलांचा मान आहे, ठाऊक आहे काय. ती पदर सावरून, खाली पाहून, पण स्पष्ट म्हणाली, "मामाजी, माह्या बाबाचा मान राखाचा असन तं म्हशीले चारा टाका. दूध काऊन पिता?" त्या दिवसापासून म्हशीला चारा मी स्वतःच्या हाताने टाकतो.

तरीही गावाला काय सांगावे हा प्रश्न उरलाच. तेव्हा मला एक युक्ती सुचली. आषाढी एकादशी जवळ आली होती. चातुर्मासात माणूस एखादा पदार्थ सोडतो आणि कोणाचा नेम मोडण्याचे पाप कोणी अंगावर घेत नाही. मी एकादशीला देवळात उभा राहून दूध, डाळ, मांस, मासळी, खेकडे व जास्तीचे मीठ सोडल्याचे जाहीर केले. आणि कार्तिकात पुन्हा लोटे येऊ नयेत म्हणून चातुर्मासापुरते नव्हे, तर जन्मभरासाठी सोडले. घरी आल्यावर आमच्या सौ. शकुबाई एवढेच म्हणाल्या, "बरे होते तवा देव आठोला नाई, अन् गुर्दे बिघडले तं सादू झाले." पण त्याच दिवसापासून मटण व खेकडे बंद झाले आणि पुढे श्रावणात उपासाच्या निमित्ताने चहूकडून येणारे दूधही दारातूनच परत गेले. डॉक्टरांनी ज्यासाठी अर्धा तास समजावले, ते देवाने एका वाक्यात केले. नडग्यांचे दुखणे हळूहळू उतरू लागले. मागल्या खेपेस रक्त पाहून डॉक्टर म्हणाले, असेच चालू द्या.

ह्या उपायाचा एक तोटा मात्र मी विचारात घेतला नव्हता. गाव मला साधुपुरुष समजू लागले. बायका पोरांना पाया पडायला आणू लागल्या. पोरे पाया पडताना नडगीलाच हात लावीत, हे मला सोसावे लागे. कोणी आटलेली गाय दाखविण्यास आणली. जेवताना घ्यावयाचे पांढरे औषध हे कसले तरी तीर्थ आहे अशी समजूत झाली, आणि एकदा नानाजी माझ्या पानाजवळ येऊन बसले व हात पुढे करून तीर्थ मागू लागले. मी तीनदा सांगितले की हे गुर्द्यांचे औषध आहे. ते म्हणाले, एकटेच पुण्य भोगता काय. मी चमचाभर दिले. त्यांनी आणखी मागितले. मी आणखी दिले. ह्या औषधाने पोट गच्च बांधले जाते हे मला अनुभवाने ठाऊक होते. त्यांना त्या आठवड्यात ठाऊक झाले. पुढील तपशील पत्रात लिहिण्याजोगा नाही. (गुरुजींनी येथे आवाज थोडा चढविला तरी चालेल.)

पोट मोकळे होताच नानाजी चावडीवर आले आणि त्यांनी सर्वांसमोर असा मुद्दा मांडला की, भाऊंनी दूध सोडले, मीठ सोडले, आता असा विरक्त माणूस कासऱ्याला कशाला हात लावील. त्याने पारावर बसून आशीर्वाद द्यावा. मान सोडणे हाच सर्वांत मोठा नेम. चावडीवरील काही माना हलल्या. माझ्याच युक्तीचा फास माझ्या गळ्यात येतो आहे हे मला दिसले. मी उत्तर दिले की, मी सोडलेले पदार्थ देवळात नाव घेऊन सोडले आहेत, त्यात पोळा नव्हता. ह्यावर नानाजी हसले आणि अगदी मायेच्या सुरात म्हणाले, "भाऊ, पोळ्याच्या दिवशी बैलापुढं काठी नेत नाई आपण. अन् तुमी तं काठीबिगर चालून नाई राह्यले. मंग कसं करता जी?"

मुद्दा खरा होता, हे मी मान्य करतो. वर्षभर राबणाऱ्या बैलाला त्या एका दिवशी काठी दाखवावयाची नाही, ही रीत माझ्या आजाने पाळली, बापाने पाळली, आणि माझ्या हाडांसाठी मी ती मोडणार नाही. सर्व चावडी माझ्या काठीकडे पाहत होती. मी काठी भिंतीला टेकवून ठेवली, उभा राहिलो आणि सांगितले, "काठी घरी राहील. मी येईन."

तेव्हापासून मी रोज सकाळी बोडीच्या पाळीवरून चालतो. आधी पाळीच्या टोकापर्यंत जाऊन बसावे लागे. आता जाऊन, वळून, घरी येतो. औषध जेवताना, थेंब सांगितले तेवढेच, भाजी अळणी, भात आपल्याच बांधीचा. तिन्हीसांजेस चांद्या व तांबड्या ह्या दोन्ही बैलांना आंगणात फिरवितो, म्हणजे त्यांना माझ्या चालीची सवय व्हावी. तांबड्या समंजस आहे. चांद्याला अजून माझा वेग पसंत नाही. तो चार पावले पुढे जाऊन थांबतो आणि मागे वळून अशा नजरेने पाहतो की ती नजर मला नानाजींचीच वाटते. नानाजींनी तोरणाखाली यमके जुळवून म्हणावयाची झडतीही रचून ठेवली आहे. ती आमच्या घरापर्यंत आली, ती अशी: "मिशीले खडू, हातात काठी, कोन लागन आता बैलापाठी?" जुळणी बरी आहे. परंतु त्या दिवशी हातात काठी नसल्यामुळे ती त्यांना ऐनवेळी बदलावी लागेल, याचे मला वाईट वाटते.

तरी आपण कोणतीही चिंता करू नये. वार्ता आणणाऱ्यास सांगावे की लटारू बोरकुटे श्रावण अमावास्येस तोरणाखालून पहिली जोडी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पायांनी व कोणाच्याही मदतीवाचून नेणार आहे. विहीणबाईंस नमस्कार. लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ आहे तो पूर आला तरी वाहून जाऊ देऊ नये.

आपला
लटारू आत्माराम बोरकुटे

ता. क. म्हैस. मी दूध पीत नाही हे वाचून आपण ती परत नेण्यास माणूस पाठवाल, तर पाठवू नये. तिचे सर्व दूध हल्ली आपली कन्या पिते. डॉक्टरांनी मला मना केले आहे, तिला नाही. उलट ह्या दिवसांत तिने ते अवश्य प्यावे असे येथील सुईणीचे म्हणणे आहे. सुईण का आली होती ते विहीणबाईंनी समक्ष येऊन विचारावे. असल्या गोष्टी पुरुषाने पत्रात लिहू नयेत, म्हणून मी लिहिलेले नाही.

दुसरा ता. क. हा संपूर्ण कंसात आहे असे गुरुजींनी समजावे, ओसरीवरील मंडळींस उठवावे आणि मग वाचावे. (मुखरूजी, आंगणातली गोष्ट निराळी असते. तेथे दमलो की मी खाटेवर बसतो. तोरणापासून देवळापर्यंत खाट नाही. वाजंत्री वाजू लागली की चांद्या झटका देतो, आणि काठीवाचून मी पंधरा-वीस पावलांपलीकडे सरळ जात नाही. काल बसलो नसतो तर पडलो असतो. हे घरात कोणाला ठाऊक नाही. नदीला उतार पडला असल्यास आपण पोळ्याच्या आदल्या दिवशीच यावे. मानाच्या जोडीबरोबर मानाचा व्याही चालला तर कोणी बोट दाखविणार नाही, उलट आपला सत्कार होतो आहे असे लोकांना वाटेल व आपणही चेहरा तसाच ठेवावा. उजव्या हातात कासरा माझा. डावा हात आपल्या खांद्यावर. लोक समजतील, प्रेमाने ठेवला आहे. पोळ्याला काठी वर्ज्य आहे, व्याही वर्ज्य असल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. उत्तरात नुसते "येतो" एवढेच लिहावे, कशासाठी ते लिहू नये, कारण आलेले पत्र येथे शकुबाई माझ्या आधी वाचवून घेते. आणि येताना पायांत नवा जोडा घालू नये. आपण घसरलात तर आपण दोघेही जाऊ.)